‘मग बघू’ म्हणजे कधी?

“आधी केमो संपू दे, मग पायाचं बघू.”

फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना गेली बावीस वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे. बोलणारी माणसं बदलतात, वाक्य तेच राहतं. कधी राउंडला आलेले तरुण डॉक्टर ते बोलतात, कधी मुलीचा मामा, कधी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको. कधी माझ्याच क्षेत्रातली, माझ्याचसारखी पदवी घेतलेली मंडळी बोलतात, आणि त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. वाक्य इतकं समंजस आहे की त्याला कुणी हरकत घेत नाही. कॅन्सरसारखा आजार, त्यात पाय काढलेला, त्यात केमोच्या उलट्या. अशा पोराला उभं करायला निघालेली बाईच निर्दय ठरते.

मला या वाक्याला हरकत घ्यायची आहे. ते कुणाच्या तोंडून येतं त्याचा मला राग नाही, पण त्यानं काय होतं ते मी माझ्या टेबलावर रोज बघते.

मराठवाड्यातल्या एका खेड्यातली चौदा वर्षांची मुलगी. डाव्या गुडघ्याखाली सूज आली. खो-खो खेळताना पडली होती, त्याचंच असेल असं सगळ्यांना वाटलं. लेप झाले, मालिश झालं, हाडवैद्य झाला. बायोप्सी होईपर्यंत गाठीनं रक्तवाहिन्या वेढल्या होत्या. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर. वाढीच्या वयातल्या मुलांना तो होतो आणि बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपासच होतो. केमोच्या काही सायकल झाल्या, पाय मांडीतून काढावा लागला आणि आठव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती : केमो पूर्ण झाल्यावर कृत्रिम पायासाठी पाठवावे.

ती माझ्याकडे आली सात महिन्यांनी. केमो पूर्ण झाला होता, रिपोर्ट चांगले होते, डोक्यावर बोटभर केस आले होते. मी तिला टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. ती पालथी झाली, पण स्टंप, म्हणजे उरलेली मांडी, टेबलाला टेकेना. मी हलकेच खाली दाबला, तर कंबरच वर उचलली गेली. मांडी पोटाकडे वळून तशीच आखडली होती. आई म्हणाली, “दुखतंय म्हणाली की खाली उशी देत होते, मॅडम. चुकलं का माझं काही?”

काय सांगणार होते मी त्या माउलीला? सात महिने तिनं रोज मायेनं ती उशी सरकवली होती, आणि सात महिन्यांत तिला कुणीही सांगितलं नव्हतं की ती उशी काढून टाका. कृत्रिम पाय ताठ उभ्या माणसासाठी बनतो. मांडी वाकडीच राहिली तर त्याखाली पाय लावायचा कसा? पुढचे चार महिने आम्ही फक्त ती मांडी सरळ करण्यात घालवले. पूर्ण सरळ ती झालीच नाही. ती आज चालते, पण कमरेतून पुढे झुकून चालते. तिचा कॅन्सर बरा झाला. तिचा बाक ‘मग बघू’मुळे आला.

या मताची बाजू मी कमजोर करून मांडणार नाही, कारण ते मांडणारी माणसं मूर्ख नाहीत. ते म्हणतात : जीव आधी, पाय नंतर. जखम ताजी आहे, त्यात केमोनं ती भरायला वेळ लागतो. वजन टाकलं तर उसवेल, पू होईल, आणि त्यापायी पुढचा केमो लांबला तर जिवावर बेतेल. रोग्याच्या अंगात ताकद नाही. स्टंपचा आकार अजून बदलतो आहे, आज केलेला पाय उद्या सैल होईल आणि पैसे वाया जातील. पोराच्या मनानंही हे अजून स्वीकारलेलं नाही. आणि एक मुद्दा ते मोठ्यानं बोलत नाहीत, कॉरिडॉरमध्ये बोलतात : जगेल की नाही ते तरी कळू दे.

लवकर चालवणं म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. विरोध करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र असतं : टाके ओले असताना पोराला फरपटत नेतायत असं काहीतरी. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी आम्ही त्याला खाटेवर बसवतो आणि खोल श्वास घ्यायला लावतो. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चांगल्या पायावर उभं करतो. स्टंपखालची उशी काढतो. परवानगी मिळाली की दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपवतो. क्रेप बँडेज टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल, असं तिरपं तिरपं बांधतो, आणि ते बांधायला आईला शिकवतो, कारण घरी तीच बांधणार असते. जखम ठीक असेल तर पाचव्या ते सातव्या दिवशी हवेचा पाय लावतो. ही प्लॅस्टिकची एक लांब पिशवी असते, भोवती धातूची चौकट आणि खाली गोलसर तळ. स्टंप पिशवीत घालायचा आणि पंपानं हवा भरायची. दाबाचा काटा चाळीसवर आला की थांबायचं. पिशवी सगळ्या बाजूंनी सारखी दाबते, एका जागी टोचत नाही. मग पॅरलल बारमध्ये, दोन्ही हातांनी दांडे धरून, पहिल्या दिवशी पाच मिनिटं. लगेच पिशवी काढून टाके तपासायचे. टाके निघाले की साधं सॉकेट, म्हणजे स्टंप बसतो तो कप, एक पाइप आणि खाली पाऊल असा टेम्पररी पाय.

एका सोळा वर्षांच्या मुलाला मी असं उभं केलं होतं. काटा चाळीसवर आला, त्यानं थोडं वजन टाकलं, आणि दांडे धरलेल्या हातांची बोटं पांढरी पडलेली असतानाच म्हणाला, “ताई, खाली टेकलं.” चालणं, धावणं, शाळा, सगळं पुढचं. त्या वेळी त्याला फक्त जमीन लागली होती. ऑपरेशननंतरचा तो सातवा दिवस होता. हे थांबवून काय साधणार होतं?

आता जखमेचं. ती उसवेल ही भीती कुठून आली ते बघा. पाय काढावा लागलेल्यांत मोठा वाटा असतो मधुमेहींचा आणि पायाच्या रक्तवाहिन्या बंद झालेल्यांचा. बहुतेक वयस्कर. त्यांच्या स्टंपला मुळात रक्तच कमी पोचतं, तिथे जपून वागणं बरोबरच. हा नियम त्यांच्यासाठी झाला आणि वॉर्डातल्या सवयीनं तो चौदा वर्षांच्या पोरीलाही लागू झाला, जिच्या रक्तवाहिन्या कोवळ्या आणि मोकळ्या आहेत. तिला मधुमेह आहे का? ती सिगारेट ओढते का? मग ती साठीच्या आजोबांच्या नियमानं का झोपून राहणार?

आणि हे काही कालचं नवं खूळ नाही. पोलंडमध्ये वॉर्साजवळच्या कॉन्स्टान्चिनला मारियन वाइस या सर्जननी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ऑपरेशन टेबलावर स्टंपला प्लास्टर घालून, त्याला खाली नळी आणि पाऊल जोडून, रोग्यांना लगेच उभं करायला सुरुवात केली होती. अमेरिकेत सिएटलला डॉक्टर अर्नेस्ट बर्जेस यांनी १९६४पासून तेच काम पुढे नेलं. कडक प्लास्टरमुळे सूज चढत नाही आणि जखमेला बाहेरचा मार लागत नाही, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. म्हणजे आपण ज्याला धाडस म्हणतो ते साठ वर्षांचं जुनं वैद्यक आहे. एवढ्या काळात ते आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोचलं नाही, तर दोष कुणाचा? त्या पोरीचा?

एक गोष्ट मी मान्य करते. जखमेत पू असेल, कातडी रेडिएशननं जळलेली असेल, रक्तातल्या पेशींचे काउंट पडून ताप आलेला असेल, तर स्टंपवर वजन टाकायचं नाही. मीही टाकू देत नाही. पण तेव्हा थांबतं ते फक्त वजन. मांडी सरळ ठेवणं, कमरेचे आणि दंडाचे व्यायाम, चांगल्या पायाची ताकद, खाटेवरून खुर्चीत येणं, यातलं काय थांबवायचं कारण आहे? ‘मग बघू’ म्हणणारे एका कारणासाठी दहा गोष्टी थांबवतात, आणि कारण संपलं तरी कुणी परत येऊन त्या दहा गोष्टी सुरू करत नाही.

“अंगात ताकद येऊ दे.” हे तर मला अजिबात पटत नाही. झोपून ताकद येते हे कुणी सांगितलं? १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून तपासलं होतं. आजार काही नाही, फक्त झोपून राहायचं. तीन आठवड्यांत त्यांची दमसास टिकवण्याची क्षमता सुमारे पाव हिश्शानं घटली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं केलं होतं. हे निरोगी माणसांचं. केमोनं आधीच स्नायू झिजलेल्या मुलाला आपण सात-सात महिने झोपवतो आणि वर म्हणतो, अजून ताकद आली नाही. येणार कुठून?

शिवाय झोपून राहतो तो काय खरंच झोपून राहतो का? त्याला संडासला जायचं असतं, तपासणीला जायचं असतं. मग तो कुबड्यांवर उड्या मारत जातो. कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयानं १९७६ साली मोजून दाखवलं होतं, की धडधाकट रक्तवाहिन्यांच्या माणसाला कृत्रिम पाय लावून चालण्यापेक्षा एका पायावर कुबड्यांनी चालायला जास्त शक्ती लागते. म्हणजे पाय न देऊन आपण त्याची शक्ती वाचवत नाही, उलट ती उधळायला लावतो.

केमोचं वेळापत्रक पुढे केलं जातं, तर तेच वेळापत्रक उघडून बघूया. बऱ्याच औषधांची सायकल तीन आठवड्यांची. औषध दिल्यावर पहिले दोन-चार दिवस उलट्या. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट खाली जातात. त्यानंतर पुढच्या सायकलपर्यंतचे दिवस पोर जेवतं, हसतं, मोबाइल मागतं. हेच चालायचे दिवस. काउंट खाली असताना खाटेशेजारीच हलके व्यायाम करायचे, गर्दीत न्यायचं नाही, प्लेटलेट फार कमी असतील तर पडण्याचा धोका पत्करायचा नाही, सॉकेटखालची कातडी रोज तपासायची. केमोतल्या सिस्प्लॅटिननं उरलेल्या पावलाला मुंग्या येतात, तर त्या पायात नीट बूट हवा. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होतो, तर नाडी बघत बघत पुढे जायचं. यातली कुठली गोष्ट अशी आहे जी वॉर्डातल्या एका जागरूक माणसाला जमणार नाही? उपचार चालू असतानाही व्यायाम सुरक्षित आहे, निष्क्रिय राहू नका, असं अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं २०१०मध्ये सांगितलं आणि २०१९मध्ये पुन्हा सांगितलं. कॅन्सर, मोठं ऑपरेशन आणि निजून राहणं हे तिन्ही एकत्र आले की शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, हे तर आपल्याकडच्या प्रत्येक निवासी डॉक्टरला पाठ असतं. मग त्यातली जी एक गोष्ट आपल्या हातात आहे, ती आपण का सोडतो?

स्टंपचा आकार बदलतो, हे खरं. सलाइन चढवलं की फुगतो, उलट्या झाल्या की सुकतो. त्यासाठी मोजे असतात. सॉकेट सैल झालं की स्टंपवर एकाऐवजी दोन मोजे, मग तीन. आठवीतली पोर हे आठ दिवसांत शिकते आणि स्वतःच सांगते, “ताई, आज तीनचा दिवस आहे.” मोज्यांनी भागेनासं झालं की सॉकेट बदलायचं, खालचा पाइप आणि पाऊल तेच राहतं. टेम्पररी पाय टेम्पररी असतो तो याचसाठी. नीट बांधलेल्या, हालचाल असलेल्या स्टंपची सूज लवकर उतरते आणि त्याला लवकर पक्का आकार येतो. आकार यायची वाट बघत थांबलं, तर तो यायलाच उशीर होतो. आणि बदलतो म्हणून द्यायचाच नाही म्हटलं, तर वाढत्या वयाच्या कुठल्याच मुलाला अठरा वर्षांचं होईपर्यंत पाय देता येणार नाही. शाळेचे बूट आपण दर जूनला घेतोच ना? पाय वाढतोय म्हणून पोराला अनवाणी ठेवतो का?

पैशाचं म्हणाल, तर ज्या देशात जयपूर फूट जन्मला तिथे तरी हे कारण सांगू नये. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास ते रबरी पाऊल घडवलं. १९७५पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती असे पाय मोफत बसवते आहे, तेही बऱ्याचदा माणूस आला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून आहे. मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५पासून आहे. साधनं आहेत. साधन आणि रोगी यांच्यामध्ये डिस्चार्ज कार्डावरची ती एक ओळ उभी आहे.

इथे कुणाचा पाय जातो, हेही बोललं पाहिजे. हाडाच्या कॅन्सरमध्ये आज चांगल्या केंद्रांत बहुतेकांचा पाय वाचवता येतो. गाठ काढून आत धातूचा सांधा बसवतात. पाय जातो तो मुख्यतः उशिरा पोचलेल्यांचा. उशिरा कोण पोचतं? ज्याच्या गावात एक्स-रे नाही, ज्याच्या बापाचा रोज बुडतो, ज्याला तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मुंबईला पाठवेपर्यंत गाठ नारळाएवढी होते. हीच माणसं पुढे सहा महिने धर्मशाळेत राहून उपचार घेतात. केमो संपल्यावर ती गावी जातात आणि पायासाठी परत येत नाहीत, कारण परत यायला पुन्हा तिकीट, पुन्हा मुक्काम, पुन्हा बुडालेला रोज. ते सहा महिने ती आपल्यापासून हाकेच्या अंतरावर असतात. तेव्हा आपण त्यांना सांगतो, नंतर या. गावी गेल्यावर कोण कुणाला चालवणार?

आणि गावी त्यांची वाट काय बघत असतं? आपण दिलेली व्हीलचेअर उंबऱ्याशी अडते. अंगणातून पुढे चिखल. संडास बाहेर आणि तोही उकिडवं बसायचा. चौदा वर्षांच्या पोरीला एका पायावर उकिडवं बसता येत नाही, म्हणून ती संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडते. हे मला एकीनं नाही, कितीतरी जणींनी सांगितलंय, तेही आई खोलीबाहेर गेल्यावर. पाय मांडीतून काढला असेल तर कृत्रिम पाय लावूनही उकिडवं बसणं सहसा जमत नाही, त्यासाठी कमोडची खुर्ची लागते, भिंतीला दांडा लागतो. पण उभं राहून, स्वतःच्या वेळेला, कुणाला न उठवता तिथपर्यंत जाता येणं ही गोष्ट त्या पोरीसाठी केवढी मोठी आहे, हे ‘मग बघू’ म्हणणाऱ्यांनी कधी तिला विचारलंय का?

मनाची तयारी झालेली नाही, असं म्हणतात. ती झोपून कशी होणार, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. नसलेलं पाऊल रात्री खाजतं, नसलेला अंगठा पिरगळतो, हे जवळजवळ प्रत्येकाला जाणवतं. आपल्याला वेड लागलं असं पोरांना वाटतं आणि ती कुणाला सांगत नाहीत. मूळचे चेन्नईचे मेंदूतज्ज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात यावर आरशाचा उपाय काढला. काहींना त्याचा गुण येतो, सगळ्यांना नाही. पण कुणी तरी रोज स्टंपला हात लावतंय, त्याचं बँडेज सोडून बांधतंय, त्यावर उभं करतंय, यानं एक बदल मी हमखास पाहिला आहे. पोर स्टंपकडे बघायला लागतं. चादरीखाली लपवलेली गोष्ट बाहेर येते. त्या मराठवाड्यातल्या मुलीनं सात महिन्यांत आपला स्टंप एकदाही नीट पाहिला नव्हता. धुवायचं कामसुद्धा आईच करायची.

याच्या उलट टोकाला ‘जिद्दी’चं कौतुक करणारे असतात, आणि तेही नकळत ‘मग बघू’चीच बाजू बळकट करतात. नृत्यांगना सुधा चंद्रन जयपूर फूट लावून नाचल्या, तेव्हा जिद्द असेल तर सगळं होतं, असं ते म्हणतात. कॅन्सरच्या वॉर्डात टेरी फॉक्सचं नाव निघतं. कॅनडाचा हा मुलगा अठरा वर्षांचा असताना, मार्च १९७७मध्ये, हाडाच्या कॅन्सरनं त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. १२ एप्रिल १९८०ला तो कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. सगळ्यांना हा आकडा ठाऊक असतो. मला त्याच्या गोष्टीतला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांत तो कृत्रिम पायावर चालत होता, आणि त्याचा केमो त्यानंतर सोळा महिने चालला. त्या तीन आठवड्यांत त्याची जिद्द होतीच, पण पाय बनवणारा माणूसही होता, उभं करणारी माणसं होती, आणि थांबा असं न सांगणारं रुग्णालय होतं. त्याला कुणी ‘केमो संपू दे’ म्हटलं असतं, तर धावायचं राहू दे, उभं राहायलाच त्याला दीड वर्ष लागलं असतं. जिद्द पोराच्या अंगात असते. तीन आठवडे आपल्या हातात असतात. आपल्या हातातलं काम करायचं नाही आणि पोराकडून जिद्दीची अपेक्षा ठेवायची, हे कुठल्या न्यायात बसतं?

आता कॉरिडॉरमधला मुद्दा. जगेल की नाही ते कळू दे.

१९७०च्या आधी, फक्त पाय काढून, या आजारातून पाचांतला एखादाच वाचायचा. केमो आल्यानंतर, आजार पसरलेला नसेल तर, चांगल्या केंद्रांत दहांतले सहा-सात पाच वर्षं ओलांडतात. ज्या सहा-सात जणांना पुढे साठ वर्षं चालायचं आहे, त्यांचे सुरुवातीचे सोन्यासारखे महिने आपण उरलेल्या तिघांच्या हिशेबात घालवतो. आणि त्या तिघांचं काय? त्यांनी चालायचं नाही?

कोकणातला एक मुलगा होता, सतरा वर्षांचा. पाय काढला त्याच सुमारास त्याच्या फुप्फुसात ठिपके दिसले. मी त्याला पाय द्यायला घेतला, तेव्हा एका सहकाऱ्यानं मला विचारलं, “याच्यावर पाय कशाला वाया घालवता?” हा माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. मी त्या मुलाला दुसऱ्या आठवड्यात उभं केलं, पाचव्या आठवड्यात तो काठी घेऊन वॉर्डाच्या टोकाच्या खिडकीपर्यंत जायला लागला. तिथून लोकल दिसायची. पाच महिने तो चालला. त्या वर्षी गणपतीला तो घरी होता. पुढे त्याचे वडील पाय परत द्यायला आले. गुडघा आणि पाऊल दुसऱ्या कुणाच्या कामी येईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सॉकेटमध्ये मोजे धुऊन, घडी घालून ठेवले होते. ते म्हणाले, “आरतीला उभा होता, ताई. पाचही दिवस. सगळ्या आरत्या संपेपर्यंत.”

तो पाय वाया गेला, असं म्हणायची हिंमत कुणी त्या बापासमोर करून दाखवावी. टेरी फॉक्सलाही कॅन्सरनं सोडलं नाही. फुप्फुसात गेला म्हणूनच १ सप्टेंबर १९८०ला त्याला थांबावं लागलं, आणि पुढच्या जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी, तो गेला. म्हणून त्याला तीन आठवड्यांत उभं केलं ते चुकलं का? आयुष्य कमी उरलं असेल, तर चालायची घाई जास्त हवी. सात महिने थांबायला ज्याच्याकडे सात महिनेच नाहीत, त्याला ‘मग बघू’ सांगणं म्हणजे ‘कधीच नाही’ सांगणं आहे.

म्हणून आता माझी मागणी मी वॉर्डावर सांगते त्याच शब्दांत सांगते. पाय काढायचं ठरेल त्या दिवशी फिजिओथेरपिस्टला आणि पाय बनवणाऱ्याला बोलवा. ऑपरेशननंतर आठवण काढू नका. असा पाय लावून चालणारं कुणीतरी पोर त्या पोराच्या खाटेशी आणून बसवा, आमच्या सगळ्यांच्या बोलण्यापेक्षा त्याचं एक वाक्य जास्त उपयोगी पडतं. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी हाड कुठे कापायचं हे ठरवताना वर सॉकेट बसणार आहे हे ध्यानात ठेवावं. पहिल्या दिवशी आईला बँडेज शिकवा आणि उशी काढायला सांगा, मराठीत सांगा, तिच्याकडून करून घ्या. केमोच्या तारखा लिहिता त्याच कागदावर चालण्याच्या तारखा लिहा. मुलं धर्मशाळेत आहेत तोवरच टेम्पररी पाय द्या. आणि डिस्चार्ज कार्ड भराल तेव्हा, तिथे ‘केमो पूर्ण झाल्यावर’ हे तीन शब्द लिहिलेले असतील तर ते खोडा, आणि त्या जागी तारीख घाला. याच महिन्यातली.